रेडिएटरच्या फॅनला डॅशबोर्डवर वेगळं बटण लावावं का?

कर्वेनगरकर:
मंडळी, गाडी २००३ची आहे. पेट्रोल, अकराशे सीसी, रेडिएटरला एकच फॅन. बाबांनी घेतलेली पहिली गाडी, म्हणून पंधरा वर्षांनंतर दोनदा नोंदणीचं नूतनीकरण करून ठेवली आहे. विकायची नाही, हे घरात ठरलेलं आहे.

मागच्या शनिवारी आईला घेऊन साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी चढताना एका वळणावर ट्रक बंद पडलेला. पहिला गिअर, ब्रेक, पुन्हा पहिला गिअर, असं अर्धा तास चाललं. मे महिना, दुपारचे दोन. चढाला इंजिनवर भार नको म्हणून एसी बंद ठेवायची माझी सवय आहे. टेंपरेचरचा काटा एरवी निम्म्याच्या जरा खाली असतो, तो पाऊण भागाच्या वर गेला. मी काच खाली करून फॅनचा आवाज यायची वाट बघत होतो. आवाज आलाच नाही. शेजारच्या टेम्पोचा ड्रायव्हर म्हणाला, "हीटर लावा फुल, ब्लोअर पण फुल." लावला. काटा चढायचा थांबला, पण मागे आईचे हाल झाले. कसाबसा वर सपाटीला पोचलो, वाहतूक सुटली, काटा जरा उतरला. आईला बरं वाटावं म्हणून एसी लावला, आणि त्याच क्षणी फॅन घर्रकन सुरू झाला! पाच-सात मिनिटांत काटा जागेवर.

तेव्हापासून डोक्यात एकच आहे: फॅन माझ्या हातात हवा. घाट सुरू व्हायच्या आधी बटण दाबायचं, वर गेलं की बंद. आमच्या भागातला वायरमन म्हणतो, बॅटरीतून थेट तार आणतो, मध्ये बटण टाकतो, तार फॅनला जोडतो, अर्ध्या तासाचं काम. करावं का? कोणी केलं आहे का?

यंत्रवेडा:
बटण लावावं, पण आधी बिघाड कुठे आहे ते शोधा. तुम्ही दिलेल्या माहितीतच निम्मं निदान आहे.

एसी लावल्यावर फॅन फिरला, म्हणजे मोटर चांगली, मोटरचं अर्थिंग चांगलं, पंखाही मोकळा. या काळातल्या बऱ्याच गाड्यांत फॅनला दोन वाटांनी हुकूम येतो. एक वाट एसीची: कंप्रेसर लागला की फॅन लागलाच पाहिजे, कारण कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढेच असतो. दुसरी वाट थर्मो स्विचची. हा पितळी स्विच रेडिएटरच्या टाकीत बसवलेला असतो. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, साधारण ९२ ते ९८ अंशांच्या दरम्यान ठरलेल्या आकड्याला पोचलं की तो जुळतो आणि पाच-सहा अंश उतरलं की सुटतो. तुमची पहिली वाट चालू आहे, दुसरी बंद.

दुसरी वाट बंद पडायची दोन मोठी कारणं असतात. एक, थर्मो स्विच किंवा त्याची तार, रिले (बारीक करंटवर फॅनचा जड करंट जोडणारा विजेचा स्विच) यांपैकी काहीतरी गेलं. दोन, स्विच चांगला आहे पण गरम पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारी झडप, ज्याला गॅरेजमध्ये वॉल्व म्हणतात, अर्धवट उघडून अडकला किंवा आत हवा धरली, तर इंजिन तापलेलं आणि रेडिएटर कोमट अशी अवस्था होते. काटा इंजिनकडचं तापमान दाखवतो, थर्मो स्विचला रेडिएटरकडचं कळतं. तो बिचारा आपल्या जागी बरोबरच वागत असतो.

दुसरं कारण असेल, तर डॅशबोर्डवरचं बटण दाबून तुम्ही कोमट रेडिएटर आणखी गार कराल आणि इंजिन तसंच उकळत राहील. म्हणून बटणाच्या आधी निदान.

पुढच्या वेळी काटा चढेल तेव्हा गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप आणि खालचा पाइप जाड फडक्यातून चाचपून बघा. दोन्ही चांगले तापलेले असतील तर स्विचवर संशय. वरचा भाजतोय आणि खालचा गारढोण असेल तर थर्मोस्टॅटवर. आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. झाकण साधारण ०.९ बारचा दाब धरून ठेवतं, म्हणून ११० अंशांनाही आतलं पाणी उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि उकळतं पाणी आणि वाफ एकदम तोंडावर येतात.

तारजोड:
नाना पेठेत गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो, तीस वर्षं झाली. त्या वायरमनला थेट तार आणू देऊ नकोस. हात जोडून सांगतो.

तुझ्या गाडीचा फॅन चालू असताना नऊ-दहा अँपिअर खातो. सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट. हा सगळा करंट तू बॅटरीपासून फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, आत आणणार, वीस रुपयांच्या बटणातून नेणार आणि परत बाहेर पाठवणार. बटणाच्या आत दोन पत्र्याचे ठिपके असतात. दर वेळी तिथे ठिणगी पडते, ठिपके काळे होतात, काळे झाले की तापतात, तापले की प्लास्टिक मऊ पडतं. अशी बटणं मी दर उन्हाळ्यात काढतो. मागच्या वर्षी एक जण स्वारगेटला सिग्नलवर उभा असताना डॅशबोर्डातून धूर निघाला म्हणून गाडी ढकलत आणली. बटण वितळून चालू स्थितीतच चिकटलं होतं, तारेवरचं आवरण फूटभर जळालेलं. मध्ये फ्यूज नव्हता. बॅटरीची तार वेळेवर काढली म्हणून गाडी राहिली.

आता बरोबर पद्धत. तुझ्या गाडीत फॅनचा रिले आधीपासून आहे. रिलेच्या ३० नंबरच्या टोकाला बॅटरीची लाइन येते, ८७ मधून फॅनला जाते. हा झाला जड रस्ता. ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं. कॉइल दीडशे-दोनशे मिलिअँपिअरवर चालते, त्यापेक्षा जास्त तिला लागत नाही. अशा गाड्यांत बहुतेक वेळा कॉइलच्या एका टोकाला इग्निशनची लाइन असते आणि दुसरं टोक थर्मो स्विच अर्थ करतो, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडतो. म्हणजे थर्मो स्विच स्वतः फॅन चालवत नाही, तो फक्त रिलेला सांगतो.

तू तेच करायचं. थर्मो स्विचच्या दोन तारांना समांतर दोन बारीक तारा जोडायच्या आणि डॅशबोर्डवर बटण लावायचं. बटण दाबलं की रिलेला वाटतं थर्मो स्विच जुळला. फ्यूज कंपनीचा, रिले कंपनीचा, जाड तार कंपनीची. तुझ्या बटणातून जातो तो करंट छोट्या बल्बापेक्षाही कमी. पाऊण चौरस मिलिमीटरची तार पुष्कळ झाली.

आणि मुख्य म्हणजे बटण बंद असलं तरी थर्मो स्विच आपलं काम करतोच. बटणाने फॅन फक्त लावता यावा, बंद करता येऊ नये.

मी_सासवडची:
तारजोडकाकांचं शेवटचं वाक्य वाचून लिहायलाच बसले.

आमच्या आधीच्या गाडीचा थर्मो स्विच गेला होता. एका गॅरेजवाल्याने तो काढून भोकाला बूच मारलं आणि फॅन पूर्णपणे बटणावर दिला. "ताई, आता फॅन तुमच्या मर्जीवर." यजमान रोज तीच गाडी चालवायचे, त्यांच्या हाताला बटण सवयीचं झालं. मी महिन्यातून एखाद्या वेळी घ्यायचे.

पालखीच्या आदल्या दिवशी मी हडपसरहून सासवडला येत होते. दिवे घाटात दिंड्यांच्या गाड्या, टँकर, चालणारी माणसं. सगळं मुंगीच्या पावलानं. मागच्या सीटवर दोन्ही मुलं. घाट चढून जायचा एवढंच डोक्यात, बटण आठवलंच नाही. काट्याकडे लक्ष गेलं तेव्हा तो लाल पट्टीच्या पार होता. मग बॉनेटमधून वाफ. गाडी कडेला घेतली आणि मुलांना उतरवून कठड्याजवळ उभं केलं. वारीतल्या एका आजोबांनी प्यायचं पाणी आणून दिलं, ते रेडिएटरमध्ये घालायला निघाले होते. मी नको म्हटलं. तेवढं तरी माहीत होतं.

हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधली पट्टी, गेली होती, हेड वाकलं होतं, ते घासून घ्यावं लागलं. त्यानंतर ती गाडी पूर्वीसारखी कधी चाललीच नाही. पुढे विकली.

ज्या घरात एकापेक्षा जास्त माणसं गाडी चालवतात, तिथे माणसाच्या आठवणीवर इंजिन सोपवू नका. मी तेव्हा स्वतःला फार दोष दिला होता. आज वाटतं, दोष त्या बुचाचा होता.

कर्वेनगरकर:
ताई, वाचून पोटात गोळा आला. माझ्याकडेही बायको आणि धाकटा भाऊ दोघं गाडी घेतात. थेट तारेचा विचार सोडला. काका, या शनिवारी थर्मो स्विच आणि थर्मोस्टॅट दोन्ही काढून बघतो. घरच्या घरी तपासता येतील का?

तारजोड:
येतात. पातेल्यात पाणी तापव, थर्मामीटर टाक, मल्टिमीटर टोंटोंवर (स्विच जुळला की वाजतो त्या स्थितीवर) ठेव. स्विच तळाला टेकवू नकोस, तारेने लोंबता ठेव, फक्त पितळेचा भाग बुडू दे. पण त्याआधी एक सोपी गोष्ट कर: इग्निशन चालू ठेवून थर्मो स्विचचं सॉकेट काढ आणि त्यातली दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोड. फॅन लागला तर रिले, फ्यूज, तारा सगळं ठीक. हात, बाही, ओढणी पंख्यापासून लांब.

यंत्रवेडा:
पुणेकरांसाठी एक तळटीप. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहोत. इथे उघड्या पातेल्यातलं पाणी १०० अंशांना नाही, ९८च्या आसपास उकळतं. स्विचवर आकडे कोरलेले असतात, ते आधी वाचा. ९५/९० असेल तर ९५ला जुळून ९०ला सुटणार, पातेल्यात तपासता येईल. १०० किंवा वर असेल तर पाणी तिथवर पोचणारच नाही आणि चांगला स्विच तुम्ही खराब म्हणून फेकाल. अशा वेळी पाण्याऐवजी तेल घ्यावं लागतं, आणि ते काळजीचं काम आहे.

भोरवाट:
बंद करायची सोय नको, या मताला माझा विरोध आहे. कारण सांगतो.

मी भोर, वरंध, मुळशी भागात पावसाळ्यात जीप घेऊन फिरतो. रस्त्यावरून ओढा वाहत असेल आणि बंपरपर्यंत पाणी असेल, तर फॅन फिरता नसलेला बरा. प्लास्टिकची पाती पाण्यात वेगाने आपटली की पुढे वाकतात आणि रेडिएटरच्या जाळीला खरवडतात. माझ्या मित्राच्या गाडीची जाळी ताम्हिणीच्या अलीकडे अशीच फाटली. सगळं कूलंट रस्त्यावर, आणि पुढचे चार तास पावसात. त्यामुळे माझ्या गाडीला तीन स्थितींचं बटण आहे: चालू, आपोआप, बंद. गेली सहा वर्षं वापरतोय.

तारजोड:
तुझं कारण खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण तू आठवणीने "आपोआप"वर परत आणणारा माणूस आहेस. तीन स्थितींचं बटण लावून दिलेल्या दोन गाड्या माझ्याकडे उकळून परत आल्या आहेत. दोन्ही वेळा बटण "बंद"वर राहिलेलं होतं. धुताना फडकं लागलं असेल, पोरानं खेळताना दाबलं असेल. म्हणून आता "बंद" हवंच म्हणणाऱ्याला मी त्या स्थितीवर रिव्हर्सचा बझर जोडून देतो. बटण बंदवर आहे तोवर कानाशी टीं टीं. ओढा ओलांडला की माणूस स्वतःच कंटाळून परत आणतो.

भोरवाट:
बझरची कल्पना पटली. जोडून घेतो. पण शहरात चालणाऱ्या गाडीला "बंद" नकोच, हे मलाही मान्य.

नवीन_चालक:
माझी गाडी २०१९ची आहे, हिंजवडीला रोज जाणं-येणं. वाकडच्या पुलाखाली अर्धा-पाऊण तास जातो. मीही असं बटण लावून घेऊ का? अजून काही त्रास झालेला नाही, पण भीती वाटते.

यंत्रवेडा:
नका लावू. तुमच्या गाडीत रेडिएटरला थर्मो स्विच नसणार. इंजिनच्या सेन्सरवरून ईसीयू, म्हणजे गाडीतला संगणक, तापमान वाचतो आणि फॅन कधी, किती वेगाने लावायचा ते ठरवतो. रिलेच्या कॉइलची तार ईसीयूच्या नजरेत असते. मध्येच कुणी ती अर्थ केली तर त्याला शॉर्ट वाटू शकतो, पी०४८० सारखा कोड येतो आणि इंजिनचा दिवा लागतो. काही गाड्यांत तर साधा रिलेच नसतो, फॅनचा वेग वेगळं मॉड्यूल कमी-जास्त करतं. तिथे बाहेरून तार लावली तर मॉड्यूल जायचं. शिवाय वॉरंटीतल्या गाडीची तार कापली की पुढच्या प्रत्येक इलेक्ट्रिकल तक्रारीला तेच उत्तर मिळतं.

तुमच्याकडे बटण आहेच: एसीचं. एसी लावला की फॅन लागतो. मात्र एसी स्वतः उष्णताही वाढवतो, त्यामुळे काटा खरोखर लाल पट्टीकडे चालला असेल तर तो उपाय म्हणून धरू नका. बाजूला घेऊन इंजिन बंद करणं हेच बरोबर. कूलंटची पातळी महिन्यातून एकदा, गाडी गार असताना बघत जा. त्रास नसलेल्या गाडीला एवढं पुरतं.

जुना_डिझेल:
माझ्या डिझेल गाडीला पट्ट्यावर फिरणारा, मध्ये गोल डबी असलेला फॅन आहे. त्याला बटण?

यंत्रवेडा:
ती डबी म्हणजे व्हिस्कस कपलिंग. आत सिलिकॉनचं तेल असतं, तापलं की पकड घट्ट होते. विजेचा संबंध नाही, बटण लागणार नाही. इंजिन बंद आणि गार असताना पाती हाताने फिरवा. भिंगरीसारखी गरगर फिरत राहिली तर तेल गेलं, कपलिंग बदला.

कर्वेनगरकर:
शनिवार-रविवार कामाला लागले. तपशीलवार लिहितो, कोणाला तरी उपयोग होईल.

काका म्हणाले तसं आधी सॉकेटमधली दोन टोकं जोडली. फॅन लगेच सुरू. चावी काढली तर बंद, म्हणजे कॉइलला इग्निशनचीच लाइन आहे. हे बरं झालं, कारण माझी बॅटरी ३५ अँपिअर-अवरची आहे. बटण चुकून चालू राहून फॅन चावीशिवाय फिरत राहिला असता, तर दोन तासांत गाडी स्टार्ट होईनाशी झाली असती.

मग गाडी रात्रभर गार ठेवून सकाळी कूलंट काढलं. रंग हिरवा असायला हवा होता, निघालं गढूळ तांबूस. गेल्या वर्षी गळती झाली तेव्हा सोसायटीच्या बोअरचं पाणी घातलं होतं, ते आठवलं. स्विच पान्याने सुटला. त्याच्या पितळी टोकावर पांढरट, खडबडीत थर बसला होता, चहाच्या भांड्याला आतून क्षार धरतात तसा. नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. आकडे कोरलेले होते: ९५/९०.

आईने जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं दिलं आणि स्वतः स्टूल घेऊन शेजारी बसली. खंबाटकीत हाल तिचेच झाले होते, त्यामुळे निकाल तिला आधी हवा होता. स्विच तारेने लोंबता ठेवला. ८०, ८५, ९०. मल्टिमीटर गप्प. ९५. गप्प. पाणी खळखळा उकळायला लागलं, थर्मामीटर ९८वर थांबला, यंत्रवेडा यांनी सांगितलं होतं अगदी तिथेच. पाच मिनिटं तसंच ठेवलं. एकदाही टों वाजला नाही. क्षार खरवडून, पुसून पुन्हा बघितलं, तरी नाही. स्विच आतून गेलेला.

थर्मोस्टॅट त्याच पाण्यात टाकला. त्यावर ८२ कोरलेलं. पाणी जरा गार करून परत तापवलं, तर ८३च्या सुमारास तबकडी हळूच उचलायला लागली आणि ९५ला पूर्ण उघडली, करंगळीचं टोक जाईल एवढी फट. म्हणजे हा चांगला.

नवा स्विच नाना पेठेतून आणला. बसवण्याआधी त्यालाही पातेल्यात घातलं. ९४ला टों! गार होताना ८९ला आवाज थांबला. आई म्हणाली, "हा बोलतो."

तारजोड:
नवा भाग बसवायच्या आधी तपासलास, हे फार चांगलं केलंस. दुकानातून आणलेला भाग चांगलाच असतो असं धरून चालणाऱ्यांचे दोन-दोन दिवस वाया जाताना मी बघितले आहेत. रेडिएटर आतून धुऊन घे, साध्या पाण्याने उलट बाजूने. नवं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. भरताना हीटरचा नॉब गरमवर, झाकण उघडं, इंजिन आयडलवर, बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. हवा राहिली तर परत तोच खेळ.

तुझा स्विच दोन तारांचा आहे म्हणून चालेल, पण एका तारेचा असेल त्यांनी लक्षात ठेवा: आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तो स्विच आपल्या अंगातूनच अर्थ घेतो. टेप लावली की अर्थ तुटतो आणि नवा स्विच मेला असं वाटतं.

कर्वेनगरकर:
धुतलं, भरलं, हवा काढली. फॅन आता आपोआप लागतो. दारात आयडलवर उभी ठेवून तीनदा बघितलं.

तरीही बटण लावायचं ठरवलं आहे. बावीस वर्षांची गाडी आहे, हा स्विचही कधीतरी जाईल. तो आई मागे बसलेली असताना, भर घाटात गेला तर हाताशी काहीतरी हवं.

एक प्रश्न. बाजारात दिवा असलेली बटणं मिळतात. ती घेऊ का?

तारजोड:
बटणावरचा दिवा फक्त बटण दाबलंय एवढंच सांगतो. फॅनला वीज पोचली का, ते सांगत नाही. फ्यूज उडालेला असला तरी तो दिवा ऐटीत जळत राहतो. म्हणून दिवा वेगळा लाव. फॅनच्या पॉझिटिव्ह तारेवरून, एक अँपिअरचा फ्यूज टाकून, बारीक तार आत आण आणि रेझिस्टर असलेला बारा व्होल्टचा हिरवा एलईडी डॅशबोर्डवर बसव. थर्मो स्विचने फॅन लागो, एसीने लागो की तुझ्या बटणाने, दिवा लागेल. बटण दाबूनही दिवा लागला नाही तर समज लाइन कुठेतरी तुटली, आणि गाडी बाजूला घे.

तार फायरवॉलमधून नेताना पत्र्याच्या उघड्या भोकातून ओढू नकोस. आधीचं रबरी ग्रोमेट असेल त्यातून ने. पत्र्याची धार सहा महिन्यांत आवरण कापते. जोड पिळून टेप गुंडाळायचा नाही, नीट थिंबल (तारेच्या टोकावरची धातूची टोपी) दाबायचं आणि त्यावर स्लीव्ह चढवायची.

मी_सासवडची:
आणि बटणाच्या शेजारी चिकटपट्टीवर मराठीत लिहून ठेवा ते काय आहे. भाऊ, बायको, गॅरेजचा मुलगा, कुणीही बसलं तरी कळलं पाहिजे.

शंका_आहे:
सगळं समजलं. पण मग बटण कायम चालूच ठेवलं तर काय बिघडतं? इंजिन सतत गार राहील की.

यंत्रवेडा:
गार राहणार नाही, कारण थर्मोस्टॅट राहू देणार नाही. कूलंट ८२च्या खाली गेलं की तो वाट बंद करतो. (म्हणूनच थर्मोस्टॅट काढून फेकू नये. काढला तर इंजिन कायम अर्धवट गार राहतं, पेट्रोल जास्त पितं, लवकर झिजतं.) गाडी साठच्या वर पळत असताना समोरून येणारा वाराच फॅनपेक्षा जास्त असतो, तेव्हा फॅन फिरवून काही मिळत नाही. उलट मोटरचे कार्बन झिजतात आणि अल्टरनेटरवर भार पडतो. पावसाळ्यात रात्रीच्या कोंडीत हेडलाइट, वायपर, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं चालू असतं, आणि आयडलवर अल्टरनेटर आधीच कमी देतो.

बटणाचा खरा उपयोग पाच-दहा मिनिटांचा आहे. चढावर कोंडी दिसली, काटा हलायला लागला, थर्मो स्विच जुळायच्या आधीच फॅन लावला. काटा उतरला की बंद.

आणखी एक, ज्यांनी कधी फॅनची मोटर बदलली असेल त्यांच्यासाठी. फॅन चालू असताना गाडीच्या पुढच्या जाळीला वर्तमानपत्राचा तुकडा लावून बघा. तो चिकटला पाहिजे. उडून जात असेल तर मोटरच्या तारा उलट जोडल्या आहेत आणि फॅन वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फुंकतो आहे. फॅन फिरताना दिसतो म्हणून कोणाला संशय येत नाही.

कर्वेनगरकर:
कागद चिकटला. बटण आणि दिवा दोन्ही बसवले, शेजारी आईच्या अक्षरात "रेडिएटर फॅन – गरम झाल्यास दाबा" असं लिहिलेलं आहे. बायको आणि भाऊ दोघांना समोर बसवून दाखवलं.

काल पुन्हा साताऱ्याला जाऊन आलो, आई बरोबर होती. खंबाटकीत याही वेळी वाहतूक रेंगाळत होती. दुसऱ्या वळणाच्या आधी फॅन आपणहून लागला, हिरवा दिवा लागला, दोन मिनिटांनी विझला, परत लागला. काटा निम्म्याच्या रेषेवर आला आणि तिथून हलला नाही. शेवटच्या चढावर मी एकदा बटण दाबून बघितलं. गरज नव्हती, खात्री करायची होती. दिवा लागला, फॅन लागला.

एक गोष्ट मात्र कळली नाही. परत येताना, बोगदा सोडल्यावर रस्ता मोकळा मिळाला. ऐंशीच्या वेगात, बटण बंद, एसी बंद, काटा खाली, आणि तरी हिरवा दिवा अगदी मंद मिणमिणत होता. वेग कमी केला की विझायचा. रिले चिकटला आहे का?

तारजोड:
रिले चिकटला असता तर दिवा पूर्ण लागला असता. वारा पाती फिरवतोय. आत चुंबकाची मोटर आहे, बाहेरून फिरवली की ती थोडी वीज बनवते. दोन-तीन व्होल्टवर एलईडी मिणमिणतो. काळजी करू नकोस, मोटर मोकळी फिरते आहे असं धर. उद्या दिवा मिणमिणायचा थांबला तर मात्र बेअरिंग बघून घे.

थर्मो स्विचच्या सॉकेटमध्ये ग्रीस भरलंस का? पावसाळा पंधरा दिवसांवर आलाय.

कर्वेनगरकर:
नाही भरलं काका. आज संध्याकाळीच भरतो.